अडतिशीचा फॉरवर्ड आणि काकांचा कॅरम

बातमी रेडिओवर लागली तेव्हा मी मिशिगनमधल्या नोव्हाय गावात एका सिग्नलला थांबले होते. मार्च महिना, रस्त्याच्या कडेला काळपट झालेला बर्फ. निवेदकानं सांगितलं की आमच्या हॉकी टीमनं आपला बावीस वर्षांचा खेळाडू देऊन टाकला आणि त्याच्या बदल्यात अडतीस वर्षांचा, गुडघा दुखावलेला एक फॉरवर्ड घेतला. मी स्टिअरिंगवर असा हात आपटला की हॉर्न वाजला. पुढच्या गाडीतल्या बाईनं वळून बघितलं. तिलाही मी अस्सल नागपुरीत दोन शब्द ऐकवले. काचा बंद होत्या म्हणून बरं.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ तो. मी गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होते. डोकं तापट, तोंडाला लगाम नाही. आई म्हणायची, हिचं म्हणजे उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. आज साठी जवळ आली तरी ते फारसं खोटं ठरलेलं नाही.

हॉकीचं वेड मला काकांनी लावलं. काका म्हणजे नात्यातले नव्हेत. आमच्या नागपूरचे, स्कॉलरशिपवर शिकून सत्तरच्या दशकात इकडे आलेले, गाड्यांची ड्रॉइंग करता करता केस पांढरे झालेले. माझ्या पहिल्या हिवाळ्यात नवरा अजून दुसऱ्या राज्यात नोकरीला होता. मी अपार्टमेंटमध्ये भरदिवसा दिवे लावून रडत बसायचे. कुणाकडून तरी त्यांना कळलं आणि एका शनिवारी काका-काकू थेट दारात उभे. काकूंच्या हातात वांग्याची भाजी आणि भाकरीचा डबा. काका म्हणाले, "रडून काय होते बाई? चाल, गाडीत बस. तुले हॉकी दाखवतो."

मला वाटलं, आपल्याकडची मैदानावरची हॉकी. ही निघाली बर्फावरची. पायात स्केट्स, हातात काठी आणि चेंडूच्या जागी रबराची काळी चकती, तिला पक म्हणतात. टीव्हीवर ती मला दिसायचीच नाही. माणसं एकमेकांना भिंतीवर आदळताना तेवढी दिसायची. मग काकांनी बेसमेंटमधला कॅरम पुढे ओढला, त्यावर मूठभर बोरिक पावडर टाकली आणि म्हणाले, "हा बर्फ." काळ्या सोंगट्या आपल्या, पांढऱ्या त्यांच्या, राणी म्हणजे पक आणि स्ट्रायकर म्हणजे आपला फॉरवर्ड, गोल करणारा गडी. हॉकीत दोन मध्यंतरं असतात. दोन्ही मध्यंतरांत काका नुकताच झालेला खेळ कॅरमवर पुन्हा मांडून दाखवायचे. माझे हात कोपरापर्यंत पांढरे व्हायचे, आणि त्या हिवाळ्यात मी रडायची थांबले.

पुढे त्याची रीतच पडली. नवरा इकडे आला, मुलगी झाली, आणखी सात-आठ घरं जोडली गेली. बहुतेक विदर्भातली, एका वस्तीत वाढल्यासारखी माणसं. शनिवारी मॅच असली की काकांचं बेसमेंट. काकूंचे तर्री-पोहे, कॅरमभोवती पोरांची गर्दी, आणि प्रत्येकाच्या कपड्यांना बोरिक पावडर. पोरं इंग्रजीत ओरडायची, आम्ही मराठीत शिव्या घालायचो. अमेरिकेतलं माझं घर कोणतं असं कुणी विचारलं असतं, तर मी माझा पत्ता सांगितला नसता, काकांच्या बेसमेंटच्या चौदा पायऱ्या सांगितल्या असत्या.

तर त्या बातमीनंतरच्या शनिवारी बेसमेंटमध्ये नुसता गदारोळ. सगळे एका बाजूला. बावीस वर्षांचं सोन्यासारखं पोर देऊन हा म्हातारा बैल कशाला आणला? माझा नवरा मुंबईचा, एरवी थंड, तोही म्हणाला, "यार, ह्यांनी डोकं गहाण ठेवलंय." आणि मी? मी तर सोफ्यावर उभीच राहिले.

"बुढी घोडी, लाल लगाम!" मी ओरडले. "अडतिसाव्या वर्षी माणसानं घरी बसून पोरं खेळवावीत! आताच्या गेमचा वेग तरी झेपणार आहे का त्याला?"

सगळे हसले. काकूंनी पोह्यांचं पातेलं जरा जोरात खाली ठेवलं. ते मला तेव्हा जाणवलं नाही.

एकटे काका त्या म्हाताऱ्याच्या बाजूनं होते. त्यांनी राणी एका कोपऱ्यातून सोडली, ती कडेला आपटून गोलच्या पुढ्यात आली. तिथं त्यांनी आधीच स्ट्रायकर ठेवला होता. "पाहा," ते म्हणाले, "पोरगा पकाच्या मागं धावते. हा धावत नाही. पक कुठं येणार हे त्याले ठाऊक असते, तो तिथं जाऊन उभा राहते."

"उभं राहायला तर बसस्टॉपवरची माणसंही राहतात, काका!" मी म्हटलं. पुन्हा हशा. काकाही हसले, अगदी पोट धरून.

निघताना मी कोट घालत होते तेव्हा काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. जानेवारीत काकांच्या कंपनीनं त्यांचा अख्खा विभाग बंद केला होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. "विश्रांती चालू आहे," असं काका सांगायचे आणि आम्ही ते खरं मानायचो, कारण ते सोयीचं होतं. काकू हळूच म्हणाल्या, "अवो, कुठूनच बोलावणं येऊन नाही राहिलं. उन्हाळ्यापर्यंत काही झालं नाही तर घर विकून लेकाकडं ह्यूस्टनला जावं लागेल. तिथं हे काय करतील दिवसभर? तुझ्या ऑफिसात एक जागा निघाली म्हणते ना तुझा नवरा?"

तेवढ्यात काका आले आणि त्यांनी माझ्या हातात एक खाकी पाकीट दिलं. छप्पन्न वर्षांचा माणूस, पण पाकीट देताना शाळेतल्या मुलासारखा अवघडलेला. "पाहून घे, जमलं तर. नाही जमलं तर मनाले लावून घेऊ नको."

सोमवारी ऑफिसात पाकीट उघडलं आणि मी कपाळावर हात मारला. आपल्याकडे नोकरीच्या अर्जाला जोडतात तसा साग्रसंगीत बायोडेटा. उजव्या कोपऱ्यात स्टेपल केलेला फोटो. पहिल्या ओळीत नाव, दुसऱ्या ओळीत वडिलांचं नाव, तिसऱ्या ओळीत जन्मतारीख ठळक अक्षरात, मग उंची, मग विवाहित, दोन अपत्ये. तीस वर्षांच्या कामाची माहिती दुसऱ्या पानावर, जणू ती फारशी महत्त्वाची नाही. पंचवीस वर्षं एकाच कंपनीत काढल्यावर माणसाला नवा अर्ज लिहायची वेळच आली नव्हती. इकडे वय कुणी विचारत नाही, आणि शहाणा माणूस ते लिहीत नाही. पण लिहिलेलं दिसलं की विसरतही नाही.

मी एक पिवळी चिकटचिठ्ठी घेतली आणि मराठीत लिहिलं, 'फोटो आणि जन्मतारीख काढायची, अनुभव पहिल्या पानावर. शनिवारी काकांना सांगणे.' ती पहिल्या पानावर चिकटवली. अर्ध्या तासाचं काम. घरच्या कॉम्प्युटरवर मीच टाइप करून दिलं असतं.

शनिवारी मॅच होती, मी ओरडण्यात दंग होते. पुढच्या शनिवारी मुलीला ताप. असं मी स्वतःला सांगत होते. खरं कारण आज लिहिते, कारण आता घाबरायला कुणी उरलेलं नाही. त्या विभागात मी नवीन होते. आपला म्हातारा काका आणून बसवला असं कुणी म्हणेल याची मला भीती वाटत होती. आणि त्याहून वाईट म्हणजे, माझ्या हाताखाली मला एखादं पोरगं हवं होतं, ज्याला मी बिनधास्त झापू शकेन. काकांना कशी झापणार होते?

मग एके दिवशी बॉस माझ्या टेबलाशी आला. त्या जागेसाठी कुणी माहितीतलं आहे का, आजच सांग, म्हणाला. मी ड्रॉवरमधून पाकीट काढून दिलं. तसंच्या तसं. त्यानं पहिलं पान बघितलं. त्याची नजर तिसऱ्या ओळीवर थांबलेली मला दिसली. दुसरं पान त्यानं उलटलंसुद्धा नाही. मग विचारलं, "तू ह्यांची शिफारस करतेस का?"

एका शब्दाचं उत्तर होतं. मी म्हटलं, "माणूस फार चांगला आहे. पण आताच्या कामाचा वेग..." वेग. शनिवारी सोफ्यावर उभी राहून वापरलेला तोच शब्द, फक्त ह्या वेळी इंग्रजीत आणि हळू आवाजात. बॉसनं मान हलवली आणि पाकीट नेलं. जागा पंचवीस वर्षांच्या एका मुलाला मिळाली.

आमच्या ऑफिसात एक जुन्या वळणाची सेक्रेटरी होती. नाकारलेल्या अर्जाचे कागद ती टाकून देत नसे. सभ्य भाषेतलं पत्र लावून ज्याचे त्याला परत पाठवायची. तिचं हे मला माहीत होतं, पण तेव्हा मनातसुद्धा आलं नाही. काकांनी मला काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. फक्त दोन शनिवार मी जायचं टाळलं.

इकडे चौदा एप्रिलची जयंती तारखेला होत नाही, वीकेंडला होते. त्या वर्षी ती आली शनिवारी, आणि त्याच दुपारी आमच्या टीमची बाद फेरीची मॅच. टाळणं शक्यच नव्हतं. काकांच्या घरासमोर गाडी लावली आणि हिरवळीत रोवलेली पाटी दिसली. घर विकणे आहे. मुलीनं ती मोठ्यांदा वाचली आणि म्हणाली, "बट व्हेअर विल वी वॉच?" नवऱ्यानं तिला गप्प केलं.

खाली वंदना झाली. दर वर्षीप्रमाणे काकांनी म्हटली, आम्ही मागून म्हटली. मग काकूंची खीर, आणि मग टीव्ही.

शेवटची काही मिनिटं उरली असताना दोन्ही टीम बरोबरीत. तो अडतिशीचा फॉरवर्ड बर्फावर आला. अख्ख्या महिन्यात त्यानं काही दिवे लावले नव्हते, म्हणून बेसमेंटमध्ये सगळ्यांनी उसासा सोडला. पोरं पकाच्या मागं कोपऱ्यात धावली, तिथं काठ्यांची झोंबाझोंबी. तो गेला नाही. गोलच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. एकानं पाठीत काठी घातली, हलला नाही. पक कडेला आपटला, घरंगळत आला आणि बरोबर त्याच्या काठीपाशी थांबला. त्यानं नुसता हलकेच ढकलला.

काय दणका उडाला! माणसं एकमेकांच्या अंगावर पडली, खीर सांडली, पोरं सोफ्यावर नाचली. काका ओरडले नाहीत. ते कॅरमपाशी गेले, त्यांनी स्ट्रायकर उचलला आणि महिन्यापूर्वी ठेवला होता त्याच जागी ठेवला. मग माझ्याकडे बघून हसले. मला हुंदका आवरेना. नवऱ्याला वाटलं, जिंकलो म्हणून रडतेय. तो माझ्या पाठीवर थापट्या मारत राहिला.

निघताना काका कॅरम घेऊन आमच्या गाडीपर्यंत आले. मी नको नको म्हणत होते.

"ने तू," ते म्हणाले. "ह्यूस्टनात बर्फ कोण पाहते?" त्यांनी कॅरम गाडीच्या डिकीत आडवा ठेवला, बाजूला पावडरचा डबा खोचला. मग खिशातून घडी घातलेली एक छोटी पिवळी चिठ्ठी काढून माझ्या तळहातावर ठेवली. "तुझ्या ऑफिसातून कागद परत आले, त्यावर ही चिकटून होती. तिथं कोणाले मराठी वाचता येते? तशीच आली."

मी चिठ्ठीकडे बघितलं नाही. माझंच अक्षर, काय लिहिलंय ते पाठ होतं.

"जन्मतारीख काढायची असते हे मले ठाऊकच नव्हतं," काका म्हणाले. "सांगायचं ना, पोरी. दोन मिनिटांत काढली असती मी."

टोमणा मारला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. टोमणा नव्हता. त्यांना खरंच एवढंच वाटत होतं, की मी सांगायचं विसरले. त्यांनी डिकीचं झाकण लावलं आणि रस्ते ओले आहेत, गाडी हळू चालव, म्हणाले.