हवामानाच्या साइटची परीक्षा

हवामान ही गोष्ट फक्त आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या सरांना आनंद व्हावा म्हणून निर्माण झाली असावी, असं माझं अनेक वर्षांचं मत आहे. लोक उन्हाने वैतागतात, थंडीने कुडकुडतात. सरांना यातलं काहीही चालतं, नव्हे, भयंकर आवडतं. "बाई, आज वारा फिरला!" असं ओरडत ते शिक्षकखोलीची खिडकी धाडकन उघडत आणि मी तपासत असलेले मराठीचे पेपर खोलीभर उडत. आमच्या नाशकातल्या द्वारका चौकाच्या भर गर्दीत पंचवटीकडून येणाऱ्या रिक्षेला हात करत आणि "गंगेपलीकडे ढग कसे आहेत?" एवढंच विचारून तिला सोडून देत; आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. भाड्याच्या आशेने थांबलेल्या रिक्षावाल्याचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होई. एका लग्नात तर त्यांनी मुलीच्या वडिलांना बाजूला घेऊन आज दव पडणार असल्याचं इतक्या गंभीरपणे सांगितलं, की त्या गृहस्थांना वाटलं, वरपक्ष रुसला.

तर अशा माणसाच्या हाती मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, हवामानाची एक वेबसाइट दिली. सातवीला दर आठवड्याला एक तास संगणकखोलीत ती दाखवावी की नाही, एवढाच अभिप्राय हवा होता. दुसरा कुणी असता तर चहा पिता पिता 'उपयुक्त' असं लिहून मोकळा झाला असता. सर म्हणाले, "नवीन विद्यार्थी आहे. परीक्षा घेतल्याशिवाय वर्गात कसा बसवायचा?" आणि त्यांनी खरोखर परीक्षा घेतली! सकाळी साइटचं भाकीत फळ्यावर, शाळा सुटताना मुलांनी दिलेले गुण त्याच्या शेजारी. ढगांच्या चित्रांना पैकीच्या पैकी. भाषेत मात्र ती काठावर पास, कारण "आर्द्रता म्हणजे काय ते सांगत नाही, नुसता आकडा फेकते." वर्तणुकीपुढे शेरा होता : 'धडा चालू असताना मध्येच गुडघेदुखीचं तेल विकते.'

"सर, करून टाका ना पास एकदाची," मी एकदा हसत म्हटलं. ते हसले नाहीत. "भीती वाटते हो, बाई. मी उन्हाळ्यात रिटायर होणार, ही राहणार. मुलं स्क्रीनवरचा ढग बघतील आणि बाहेर डोकावायचीच नाहीत, तर?" इतक्या वर्षांत त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मला फार वाईट वाटलं.

मग परतीच्या पावसाच्या दिवसांत एकदा साइट म्हणाली, आज दुपारी नाशकात जोरदार पाऊस. सरांनी अख्खी सातवी मैदानात उभी केली. गंमत बघायला मीही गेले. दुपार टळली, थेंब नाही. "शून्य! शून्य!" मुलं नाचायला लागली. तेवढ्यात एका मुलीचे वडील तिला न्यायला मोटारसायकलवरून आले, नखशिखांत भिजलेले. गंगेपलीकडे, मखमलाबादला त्यांचा भाजीचा मळा. "तिकडं लय पडला, सर! मेथी पार आडवी झाली."

झालं! वर्गात उभी फूट पडली. "साइट बरोबर आहे!" "आपल्याकडे कुठे पडला?" "मग मखमलाबाद काय नाशकात नाही का?" कुणी खडूने मैदानाकडेच्या फरशीवर गंगा काढली, कुणी बोटाने ढगाची वाट दाखवू लागलं, सगळ्यांच्या माना वर. शाळा सुटल्याची घंटा झाली तरी कुणी हलेना. सरांनी माझा हात गच्च धरला. "ऐका बाई, ऐका! कशी भांडतायत!" त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसतही होते.

अभिप्राय दुसऱ्याच दिवशी गेला : पास, पण तास मैदानात. मोठ्या बाई म्हणाल्या, "मैदानात संगणक कसा नेणार?" सर म्हणाले, "एकाने आत बसून खिडकीतून ओरडून सांगायचं. बाकीच्यांनी बाहेर उभं राहून साइटला खोटं पाडायचं!" मोठ्या बाईंना हसू आवरेना, आणि तास मंजूर झाला.

सर निवृत्त झाल्यावर तो तास माझ्याकडे आला. मला ढगांतलं ओ का ठो कळत नाही. परवा नेमका तास चालू असताना त्यांचा फोन आला.

"आज काय म्हणते?"

"पाऊस म्हणते, सर."

"आणि मुलं?"

"निम्मी हो म्हणतायत, निम्मी भांडतायत."

सर हळूच म्हणाले, "बाई, फोन जरा त्यांच्याकडे धरता का?"

मी धरला.