भिकुबाईंची राख

अमळनेरजवळच्या आमच्या छोट्या कॉलेजात लीलाधर चौधरी सरांना कुणी वेडं म्हणत नव्हतं. म्हणायचं तर आधी माणसाचा विचार करावा लागतो, तेवढाही कुणी करत नव्हतं. आई अंथरुणाला खिळली म्हणून ते १९८५ साली हैदराबादचं संशोधन सोडून इथं आले. दोन वर्षांनी आई गेली, सर मात्र राहिले. लग्न नाही, पत्त्यांचा डाव नाही. स्टाफरूममध्ये आम्ही केळीच्या भावावर घसा कोरडा करायचो, तेव्हा ते खिडकीशी चहा संपवून निघून जायचे. मी मराठी शिकवायचो. 'जस्तवाले' हे नाव त्यांना मीच ठेवलं होतं, आणि आज त्याची लाज वाटते.

सर बाटल्यांतून यीस्ट वाढवत, म्हणजे पाव फुगवणारी बुरशी. जिवंत पेशीला जस्त लागतं, पण अगदी कणभर. तेही मिळेनासं झालं, की पेशी एखादं निजलेलं जनुक जागं करून बाहेरचं जस्त ओढून घेत असणार, असा त्यांचा कयास. तो सिद्ध करायला आधी पेशी उपाशी ठेवायला हव्यात, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. जस्त न घातलेल्या बाटलीतलं यीस्टही चार वर्षं गुटगुटीतच. सरांनी रसायनं बदलली, पाणी तीन-तीनदा वाफेनं शुद्ध केलं. पेशी काही उपाशी राहीनात.

बाटल्या धुवायला भिकुबाई होत्या. दुपारी तीन वाजता त्या सरांना चहा आणून देत आणि विचारीत, "सर, आज तरी तुमना जीव उपाशी शेतस का?" सगळ्या गावात हे विचारणारं तेवढं एकच माणूस. सर त्यांना फळ्यावर चित्र काढून समजावत आणि बाई पदर तोंडाला लावून ऐकत.

१९८९च्या थंडीत बाई लेकीच्या बाळंतपणाला पारोळ्याला गेल्या. पंधरा दिवस पुना नावाच्या शिपायानं साबणाच्या पाण्यानं बाटल्या कशाबशा धुतल्या. आणि यीस्ट उपाशी राहिलं! सर धावत स्टाफरूममध्ये आले, "उपाशी आहेत!" म्हणून ओरडले. आम्ही हसलो. मग बाई परत आल्या आणि आठवड्याभरात यीस्ट पुन्हा गुटगुटीत झालं.

सरांनी मोरीत जाऊन पाहिलं. बाई राखेनं बाटल्या घासत होत्या. कपाशीच्या काड्यांची, घरून आणलेली, फडक्यातून गाळलेली राख. 'देवाच्या भांड्यांसारख्या घासा,' असं पहिल्या दिवशी सरांनीच सांगितलं होतं, आणि देवाची भांडी बाई राखेनंच घासत आल्या होत्या. राखेत जस्त असतं. बाटल्या लखलखत होत्या आणि सरांची चार वर्षं पाण्यात गेली होती.

"मग सांगा की त्यांना, साबण वापरा म्हणून," मी म्हणालो.

"त्या विचारतील, का. मग खरं सांगावं लागेल."

त्यांनी सांगितलं नाही. बाई घरी गेल्या, की प्रत्येक बाटली आम्लात बुडवून ते स्वतः पुन्हा धूत. आठवड्याचं काम महिन्यावर गेलं. मला राग यायचा, अजून येतो. एका वाक्यापायी माणसानं वर्षं घालवली! १९९६ साली परदेशातल्या कुणाचा तरी शोधनिबंध टपालानं आला. तसंच जनुक, तोच कयास, सिद्ध झालेला.

"बरोबर होतं माझं," सर मला म्हणाले, आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

१९९८ साली भिकुबाई निवृत्त झाल्या. निरोपाचा नारळ घेताना म्हणाल्या, "तेरा वरीसमा एक डाग ऱ्हाऊ दिधा नही, सर." राखेचा डबा त्यांनी नव्या बाईसाठी सरांच्या हाती दिला. सरांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मीच चहा घेऊन गेलो. कप टेबलावर ठेवून बाईंचाच प्रश्न विचारला.

"काय सर, उपाशी आहेत का आज तुमचे जीव?"

"यीस्ट नाही आता," सर म्हणाले. "तो निबंध आला त्याच दिवशी प्रयोग बंद केला मी."

"मग दोन वर्षं बाई कुठल्या बाटल्या धूत होत्या?"

"त्याच. रोज सकाळी त्यांत थोडं दूध फिरवून ठेवायचो," सर म्हणाले. "धुवायला काही नसतं, तर त्या कशाला आल्या असत्या?"