आपलं कुणी नसलेलं गाव

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. बेळगावला खासबागेत खोली करून राहिलो, खानावळीचं पातळ सार प्यालो आणि वनस्पतिशास्त्रात बी. एस्सी. झालो. हे मी कुणी न विचारताही सांगतो. निपाणीच्या हायस्कुलात मास्तर म्हणून लागलो तेव्हा आईनं गल्लीत पेढे वाटले. पोरगं काय शिकलं असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "झाडं शिकलाय." आप्पांचा सगळा जन्म तंबाखूच्या रानात गेलेला. ते म्हणाले, "झाडं शिकाय बेळगावला कशाला जायाचं? हितं काय कमी हायती?"

पण खरं सांगायचं तर मी जंगल पाहिलेलंच नव्हतं. कॉलेजात पाहिली ती जाड कागदावर चिकटवलेली वाळकी पानं आणि त्यांच्याखाली लिहिलेली लांबलचक नावं. ऐन, किंजळ, जांभा, सगळी झाडं सपाट. मी ती नावं घडाघडा म्हणून पास झालो, आणि झाड समोर आलं असतं तर बहुतेक विचारलं असतं, तुम्ही कोण.

त्यामुळं नोकरी कायम झाल्यावर मी ठरवलं की मे महिन्याच्या सुट्टीत कुठंतरी जायचं. लग्नाला नाही, जत्रेला नाही, कुणाच्या दिवसकार्याला नाही. नुसतं बघायला. ऐंशी सालाच्या पुढची ही गोष्ट, तेव्हा आमच्या गल्लीत असं कुणी जात नव्हतं. आई म्हणाली, जायचं तर वेंगुर्ल्याला जाऊ, तिथं तुझी मावशी आहे. म्हणजे आईची मावसबहीण. तिच्या यजमानांची तिथं सरकारी नोकरी, घर समुद्राच्या अगदी पाठीला.

गेलो. मावशी फार प्रेमाची बाई, तिच्याबद्दल मी वाकडा शब्द बोलणार नाही. तिनं आम्हाला इतकं जेवू घातलं की समुद्रावर जायला सवडच मिळाली नाही. सकाळी न्याहारीला शेजारीपाजारी आम्हा पाहुण्यांना बघायला येत. दुपारी जेवण चारला उरके. संध्याकाळी मावशीच्या ओळखीच्या घरी चहाला, तिथून दुसरीकडं पोह्यांना. एकदा दिवे लागल्यावर आम्ही वाळूपर्यंत पोचलो, पण अंधारात पांढरी रेघ तेवढी हलताना दिसली. परत आल्यावर शाळेत बाईंनी माझ्या थोरल्या मुलीला विचारलं, समुद्र कसा असतो. ती म्हणाली, "घराच्या मागं असतोय. आवाज येतोय."

आणि बायको. आमच्याकडची रीत अशी की पाव्हण्याच्या घरी गेलेली सून पाव्हणी नसते. पदर खोचून ती चुलीपुढं जाऊन बसते, आणि बसली नाही तर तिच्या सासूला ऐकावं लागतं. ही बिचारी तिथं दिवसभर विळीवर नारळ खवत होती, मासे साफ करत होती. घरी येऊन पिशव्या ठेवल्या, तेव्हा तिच्या तळहातावर फोड आलेले मी पाहिले. ती म्हणाली, "काय न्हाय हो, नव्या विळीचं हाय." तिनं समुद्र पाहिला तो न्हाणीघराच्या खिडकीतून, भांडी घासताना, इतकाच.

दोन वर्षांनी पुन्हा सुट्टीचा विषय निघाला तेव्हा मी कणकुंबीचं नाव काढलं. जांबोटीच्या पुढं, गोव्याच्या हद्दीजवळ, सगळं रान. तिथं सरकारी बंगला होता, आमच्याकडं त्याला आयबी म्हणतात. हायस्कुलातल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं होतं की परवानगी मिळते, आणि तिथला राखणदार जेवण करून देतो. हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर मी परवानगीच्या मागं लागलो होतो.

आई जात्याजवळ तांदूळ निवडत बसलेली. "कणकुंबीत आपलं कोण हाय?"

"कोण न्हाय."

"मग कुणाकडं जायाचं?"

"कुणाकडंच न्हाय. रानात जायाचं."

"कोण न्हाय तिथं कशाला जायाचं रं? आजारी पडलं पोर तर पाणी कोण दील? वेंगुर्ल्याला माझी भन हाय. ती गेल्या खेपंला रडली आमी निघालो तवा."

आप्पा बाहेरून म्हणाले, "झाडंच बघायची न्हवं? परसात आंबा हाय. त्याच्याखाली खाट टाक, आन बघ."

मी तिथंच हरलो असतो. खरं कारण मला सांगता येत नव्हतं. सुनेला विसावा मिळावा म्हणून भाचा मावशीकडं जायचं टाळतो, हे एकदा आईच्या कानावर गेलं असतं तर ती गोष्ट बायकोच्या माथी बसली असती. वेंगुर्ल्यापर्यंत पोचली असती.

बायको आत भाकरी थापत होती. मी जाऊन उंबऱ्यात बसलो. तिचं माहेर शहापूरचं. गल्लीत दारोदार विणकरांचे माग, आणि तिनं लहानपणापासून शेजारच्या मागवाल्यांच्या सुताच्या कांड्या भरलेल्या. हात रिकामे ठेवून बसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. मी हळू आवाजात विचारलं, "तुला कुठं जावंसं वाटतंय? खरं सांग."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, कडेनं पाणी फिरवलं. मग म्हणाली, "समुंदर असू दे न्हायतर रान असू दे. मला कुठंबी चालंल. फकस्त तिथं चूल माझी नको."

एवढंच. लग्नाला दहाएक वर्षं झाली होती, आणि तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. मी उठून बाहेर आलो आणि शिकलेल्या माणसाला शोभेल असा डाव टाकला.

"आई, कणकुंबीत माउलीचं देऊळ हाय. तिथंच मलप्रभा उगम पावती. आपण एकदाबी गेलो न्हाय."

आईचा हात सुपात थांबला. "माउलीचं?"

"व्हय. जागृत हाय म्हणत्यात."

"मग आधी न्हाय का सांगायचं? मला वाटलं तिथं कोणच न्हाय." देवी म्हणजे आपलं माणूस, हा हिशेब तिच्या मनात लगेच बसला. मी खूश झालो. आणि दुसऱ्याच दिवशी कळलं की माझा डाव माझ्यावरच उलटलाय. देवीकडं रिकाम्या हातानं कसं जायचं? नैवेद्य दाखवायला पाहिजे. नैवेद्य म्हणजे पुरणपोळी. म्हणून डाळ, गूळ, कणीक, तेल, पोळपाट, तवा. आणि रानात चूल कुठली मिळणार, म्हणून घरातला स्टोव्ह. आणि स्टोव्ह म्हणजे रॉकेल. निघायच्या दिवशी ओसरीवर ते सगळं मांडलेलं बायकोनं पाहिलं. तिनं पोळपाट चादरीत गुंडाळला आणि गाठ मारली, इतकी घट्ट की पुढं ती सुटता सुटेना.

आप्पा म्हशीपायी घरीच राहिले. निपाणीहून बेळगावापर्यंत रॉकेलचा डबा सीटखाली निर्धास्त आला. बेळगावच्या स्टॅंडवर जांबोटीकडची गाडी लागली, आम्ही चढलो, आणि कंडक्टर नाक फेंदारत आमच्यापाशी येऊन थांबला.

"चिमणी एण्णी हाय काय यात?" रॉकेलला तिकडं कानडीत असंच म्हणतात.

आई म्हणाली, "त्येल हाय."

"कसलं त्येल, आक्का?"

आई खिडकीतून बाहेर बघायला लागली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मांडीवरच्या धाकट्याचं टोपडं सारखं करत बायको म्हणाली, "रॉकेल."

"खाली उतरवा. गाडीत चालत न्हाय."

आईनं तिच्याकडं असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर खिडकीतून उडी टाकली असती. बायको धाकट्याच्या टोपड्याकडंच बघत होती. मी डबा उचलून स्टॅंडवरच्या चहावाल्याकडं ठेवून आलो, परतीला नेतो म्हणून. गाडी सुटली. जांबोटीपर्यंत आई खिडकीकडं तोंड करून बसली. त्यानंतर दोन्ही बाजूंनी झाडी आत आली, वारा गार झाला, आणि ती पहिल्यांदा बोलली ती थोरलीशी. "केवढी उंच हायती गं. माकड पडलं तर मरंल."

बंगल्याचा राखणदार म्हातारा, कमी बोलणारा. भात, कुळथाची पिठी आणि भाजलेला पापड असं त्यानं आमच्यापुढं ठेवलं. आईनं घास घेऊन सांगितलं, "मीठ जास्ती पडलंय." मग आणखी भात मागून घेतला. बायको पानावरून उठली आणि सवयीनं ताटं गोळा करायला लागली. म्हाताऱ्यानं ती तिच्या हातातून काढून घेतली. "राहू द्या. माझं काम हाय." ती हात तसेच पुढं धरून क्षणभर उभी राहिली. मग बाहेर जाऊन पायरीवर बसली.

मी त्या दोन दिवसांत झाडांना भेटत हिंडलो. ऐनाच्या बुंध्यावर हात ठेवला, तो सुसरीच्या पाठीसारखा खरबरीत, आणि हे कुठल्याच कागदावर चिकटवता येत नाही. पोरांनी करवंदं खाऊन तोंडं जांभळी केली. थोरलीनं शेकरू पाहिलं. लांब शेपटीची तांबडी खार या फांदीवरून त्या फांदीवर उडत गेली, आणि ती दिवसभर वर बघूनच चालत राहिली, दोनदा पडली. आई स्टोव्हकडं बघून उसासे टाकायची. पण देवीला नारळ आणि गुळाचा खडा ठेवला तेव्हा गुरव म्हणाला, "देवीला काय, मनापासनं ठेवा," आणि तेव्हापासून पुरणपोळीचा विषय निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओढ्याकाठी जांभळीखाली आम्ही चटई टाकली होती. बायको पाण्यात पाय सोडून बसली. म्हणाली, "हितं लई गप्प हाय हो. शहापूरला दुपारी मागाचा आवाज थांबला की आमाला वाटायचं, कायतरी झालं." मग ती आडवी झाली आणि झोपली. दिवसाउजेडी, उघड्यावर, डोक्यावरचा पदर सरकलेला. मी पोरांना लांब पिटाळलं.

तेवढ्यात आई देवळाकडून आली, आणि तिच्याबरोबर एक बाई. आईचं असं आहे, ती कुठल्याही बाईशी बोलायला लागली की पहिला प्रश्न तुमचं माहेर कुठलं, आणि तिसऱ्या प्रश्नाला नातं निघतं. निघालंच होतं. त्या बाईचं माहेर आईच्या माहेराच्या शेजारच्या गावचं, आणि तिची चुलती आईच्या गावातली लेक.

"म्हंजे आपण भनीच की," ती बाई म्हणत होती. "आणि बंगल्यात राहता? लोक काय म्हणतील मला? चला, सामान उचला. आज माझ्याकडं. घरात पाच-सात माणसं हायती जेवायला, तुमची सून हाय न्हवं, दोघी मिळून झटक्यात करू."

मी आईकडं पाहिलं. हेच तर तिला हवं होतं. कणकुंबीत आपलं माणूस सापडलं होतं. मी मनातल्या मनात चटई गुंडाळायला लागलो.

आईनं झोपलेल्या सुनेकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बायकोचा एक हात चटईबाहेर गवतावर पडला होता, तळवा वर. वेंगुर्ल्याच्या फोडांचं आता काही उरलं नव्हतं, पण आई त्या हाताकडंच बघत होती असं मला वाटलं.

"न्हाय गं बाय," आई म्हणाली. "आमी कुणाकडं पाव्हणं म्हणून आलो न्हाय. झाडं बघाय आलोय."

"झाडं?" ती बाई हसली. "आन झाडात काय बघायचं?"

"ते माझ्या ल्योकाला इचार. त्यो शिकलाय ते."

बाईनं माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली, जणू सगळं मीच ठरवलं होतं. ती थोडी रुसली, पण जाताना पदरातली करवंदं आईच्या ओटीत ओतून गेली. आई येऊन सुनेच्या उशाशी बसली. अंगावर उन्हाचा कवडसा सरकत आला तसा तिनं आपला पदर मध्ये धरला. बी. एस्सी.च्या निकालाच्या दिवशीसुद्धा एवढं मोकळं वाटलं नव्हतं.

"वेंगुर्ल्याला मीबी समुंदर बघितला न्हाय," ती मला म्हणाली, खालच्या आवाजात. "भनीला वाईट वाटू ने म्हणून गप बसले."

ऊन कलल्यावर बायको जागी झाली. सासू उशाशी बघून धडपडत उठली, पदर सावरला, केस मागं सारले. "आत्ती, तुमी कवा आला? मला उठवायचं न्हाय व्हय? थांबा, चहा ठेवते."

"कशावर ठेवतीस?" आई करवंद तोंडात टाकत म्हणाली. "रॉकेल तर तू कंडक्टरला सांगून उतरवलंस."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं, मग सासूकडं. आईचा चेहरा हलला नाही. तिनं ओटीतली मूठभर करवंदं सुनेच्या ओंजळीत टाकली आणि म्हणाली, "बस गप. म्हातारा आणंल चहा."