मी अडकला
शेजाऱ्यांनी गार्डनमध्ये लाकडं पेटवली, की त्या जळक्या वासानं मी इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकहून थेट अमेरिकेतल्या डोंगरांवरच्या त्या नॅशनल पार्कमध्ये पोचते. खोल दऱ्या बघून आम्ही अजस्र झाडांपाशी आलो होतो आणि माझी सात वर्षांची लेक वणव्यानं पोकळ झालेल्या एका बुंध्यात शिरली. आत काळोख होता आणि तिची पाठीवरची बॅग फटीत घट्ट रुतली होती. "आई, मी अडकला," ती रडत म्हणाली. बाहेरून हात आत घालत मी सवयीनं म्हटलं, "अडकला नाही, अडकले म्हण." रडणं एकदम थांबलं. मग आतून हळूच आवाज आला, "मम, आय ॲम स्टक." मी तिला ओढून बाहेर काढलं. आता मोठी झालेली ती साउथहॅम्प्टनहून रोज फोन करते, इंग्लिशमध्येच बोलते, आणि मला दुरुस्त करायला काही उरत नाही.