मूळ झाड आधी पाहायचं

माझ्या आईचा डावा डोळा चुन्यानं गेला, आणि तोही तिच्या लाडक्या आंब्यांपायी. वरवट बकालला आमची लहानशी रोपवाटिका आहे. पावसाळ्याआधी झाडांच्या खोडांना मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप लावायचा म्हणून ती बादलीत कळीचा चुना विझवत होती. चुना फसफसला, उडाला आणि सरळ डोळ्यात गेला. शेजारी पाण्याचं टाकं भरलेलं होतं, पण धावत आलेल्या शेजारणीनं डोळ्यात गाईचं तूप घातलं. मी खामगावला शाळेत विज्ञान शिकवते. डोळ्यात चुना गेला तर आधी भरपूर पाणी मारायचं, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि माझ्याच घरात हे असं! त्या शेजारणीवर मी इतकी तणतणले, की ती अजून मला पाहून तोंड फिरवते.

जखम भरली, पण बुबुळावर पांढरट पडदा चढला. एका डोळ्यावर आईचं सगळं चालायचं, स्वयंपाक, पाणी देणं, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालणं. जमेना ते फक्त कलम. आंब्याचं कलम करताना रोपाचा शेंडा छाटून तिथे चिरायचं, चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची, सालीला साल भिडली पाहिजे. एका डोळ्याला अंतर कळत नाही. चाकू अंगठ्यात जाऊ लागला. जिच्या हातचं कलम फुकट जात नाही असं पंचक्रोशीत म्हणत, तिची त्या हंगामात निम्मी कलमं वाळली. वाळलेल्या काड्या उपटून ती बांधावर गप्प बसायची. माझी आई आणि गप्प! मला ते बघवत नव्हतं.

शेवटी शेगावहून गाडी पकडून मी तिला एका मोठ्या शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान. तिनं कागदावर डोळा काढून समजावलं. बुबुळाच्या कडेला मूळ पेशी असतात, त्या बुबुळावरचा पातळ थर सतत नवा करत राहतात. आईच्या डाव्या डोळ्यातल्या त्या पेशी चुन्यानं जळल्या होत्या. आता उजव्या डोळ्याच्या कडेचा तांदळाच्या कणीपेक्षाही लहान तुकडा घ्यायचा, त्याचे आणखी बारीक कण करायचे आणि डाव्यावर पसरून ठेवायचे. त्यातून पेशी वाढतात.

"उजव्याला हात लावायचा नाही," मी म्हटलं.

मूळ पेशींच्या नावानं मी फोनवर काय काय जाहिराती वाचल्या होत्या. गुडघे नवे करून देतो, साखर कायमची घालवतो, खात्रीनं. मला हाही त्याच माळेतला मणी वाटला, आणि तसं मी तिला बोलूनही दाखवलं. आणि खरं सांगायचं तर मी घाबरले होते. आहे तो एक डोळाही गेला तर?

डॉक्टरीण चिडली नाही. म्हणाली, "त्या जाहिरातींवर मीही विश्वास ठेवत नाही. पण हे आम्ही कित्येक वर्षं करतोय. सगळ्यांनाच यश येतं असं मात्र म्हणणार नाही."

तेवढ्यात आईनं मला कोपरानं मागं सारलं आणि डॉक्टरणीची उलटतपासणी सुरू केली.

"चांगल्या डोळ्याले काही होत तं नाही?"

"इतकंच घेतलं तर तो भरून येतो."

"हाव, झाडाची एक काडी घेतली तं झाड मरत नाही. अन् बसवता कायच्यावर?"

डॉक्टरीण म्हणाली, बाळंतपणात पडणाऱ्या वारेची पातळ झिल्ली असते, बाळंत झालेल्या एखाद्या बाईनं दिलेली. ती डोळ्यावर चिकटवायची, तिच्यावर हे कण.

"टाके?"

"नाही, एक प्रकारचा डिंक. पूर्वी पेशी आधी प्रयोगशाळेत वाढवायचो, मग डोळ्यावर लावायचो. आता थेट डोळ्यावरच वाढू देतो."

आईचा चेहरा उजळला. "म्हंजे आधी नर्सरीत करत होते, आता जाग्यावरच कलम करून राह्यले!" मग माझ्याकडे वळून, "तू काऊन घाबरून राह्यली व? या बाईले काम येते."

डॉक्टरीण खळखळून हसली. मी, विज्ञानाची बाई, खुर्चीत अंग चोरून बसले होते, आणि अभिमानानं माझा ऊर भरून आला होता.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर डॉक्टरीण आधी उजव्या डोळ्यावर वाकली. तो नीट आहे ना हे पाहिलं, मग डावीकडे वळली. आई माझ्या कानात म्हणाली, "पाह्यलं? मूळ झाड आधी पाह्यलं तिनं. आपल्यातलीच हाय."

पडदा महिन्यामहिन्यानं विरळ होत गेला. नजर पहिल्यासारखी लख्ख झाली नाही, पण पुढच्या पावसाळ्यात आईनं चाकूला धार लावली. पहिलं कलम करण्याआधी तिनं पदरानं उजवा डोळा झाकला आणि नुसत्या डाव्यानं काडी निरखली. मी ओरडले, "दोन्ही उघडे ठेव ना!" ती म्हणाली, "आधी याचं काम याले करू दे." मग दोन्ही डोळे उघडून चीर पाडली, काडी तासली, बसवली, प्लास्टिकची पट्टी गुंडाळली. अंगठ्यावर ओरखडाही नाही. मग ती उठली आणि ज्याची काडी घेतली होती त्या आंब्याकडे गेली, कापलेली जागा पाहायला.

तीन आठवड्यांनी त्या काडीला तांबूस पानं फुटली. मी म्हटलं, हे रोप डॉक्टरीणबाईला पाठवू. आई म्हणाली, तिला दुसरं देऊ. आमच्या गल्लीत नुकती एक सून बाळंत झाली होती, म्हणजे तूपवाल्या शेजारणीचीच. आई ते रोप घेऊन तिच्या दारात गेली. मीही मान खाली घालून मागोमाग गेले. शेजारीण चकित झाली. "काऊन व माय? आमाले कायले?"

"एका बाळंतिणीची झिल्ली माह्या डोळ्यात हाय," आई म्हणाली. "ते कोन व्हती, कोनाले माहीत? आता गावात जे बाळंत होईन, तिले एक झाड."