डाळिंबी कॅलिपर

सत्तरच्या दशकात मी विद्यापीठात नव्या प्लास्टिकांवर संशोधन करत होतो, म्हणजे घरच्यांच्या लेखी पोरगं अजून शिकतच होतं. आमचे सर सांगायचे, हे पदार्थ एक दिवस घराघरांत जातील, माणसाच्या अंगाला लागतील. मला मात्र त्यात एकच पाय दिसायचा, माझ्या धाकट्या बहिणीचा.

लहानपणी पोलिओ झाल्यापासून ती गुडघ्याखाली लोखंडी कॅलिपर घालायची. दोन सळ्या, चामड्याचे पट्टे आणि पावलागणिक खणखण. सोलापुरातल्या आमच्या बोळात ती दिसायच्या आधी ऐकू यायची. आता ती शिक्षिका व्हायला निघाली होती आणि तिला शाळेत पहिला पाठ घ्यायचा होता. "पोरं हसणार की रं दादा," एवढंच ती म्हणाली होती.

दिवाळीत घरी तिच्या पायाचा प्लास्टरचा साचा काढला आणि तो विद्यापीठात घेऊन गेलो. सरांकडे परदेशातून नमुना म्हणून आलेली नव्या प्लास्टिकची एकच शीट होती. त्यांनी ती मला देऊन टाकली. गरम पाण्यात बुडवली की ती कणकेसारखी मऊ व्हायची. साच्यावर लपेटायची, गार झाली की कडक. पायाचं पांढरंशुभ्र, हलकं कॅलिपर तयार झालं.

ते आणि साचा घेऊन घरी आलो तेव्हा मी फार शहाणपणा केला. रेणूंच्या साखळ्या काय, ताकद काय, अर्धा तास सगळ्यांना ऐकवलं. गरम पाण्याचं तेवढं सांगितलं नाही. खरं सांगायचं तर ते फार सोपं वाटलं असतं, आणि मला भाव खायचा होता.

बहीण ओट्यावरून दारापर्यंत चालली. आवाज नाही! ती परत चालली. मग पायाकडे बघत म्हणाली, "लई झ्याक हाय. पांढरं हाय तेवढंच. साडीखालनं दिसंल."

आप्पा दारात उभे होते. आमचे वडील रंगारी. घरामागच्या शेडमध्ये हातमागवाल्यांचं सूत रंगवून द्यायचे. आयुष्यात कुणाला काही द्यायचं म्हटलं की त्यांना रंगच सुचायचा. आईची लग्नातली साडी त्यांनी तीनदा नव्याने रंगवली होती.

रविवारी सकाळी मी मित्राकडे गेलो, बहीण सोमवारच्या पहिल्या पाठाची तयारी करत बसली. आप्पांनी तिची डाळिंबी साडी शेजारी ठेवली, तसाच रंग जुळवला आणि सुताच्या लड्या चढलेल्या उकळत्या कढईत कॅलिपर सोडलं. रंग उकळत्यालाच पक्का बसतो, हे त्यांना चाळीस वर्षं ठाऊक होतं.

मी परतलो तेव्हा ते काठीने कढई ढवळत होते. काठीला जे वर आलं तो एक लिबलिबीत गोळा होता, स्वतःलाच चिकटलेला, आत सूत गुरफटलेलं. "हे काय झालं रं?" आप्पांनी विचारलं. मी गोळा पुन्हा तापवला, सूत उपसायला गेलो, साच्यावर ताणला. जिथे सूत होतं तिथे तो फाटत गेला. दुपारपर्यंत माझ्या हातात चिंध्या राहिल्या. इतकं शिकून मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं, आणि आप्पा प्रत्येक वेळी नवं गरम पाणी आणून देत होते.

"मला आदी सांगायचंस की," ते शेवटी म्हणाले. रागाने नाही. राग आला असता तर बरं झालं असतं.

बहीण दोघांकडे बघत होती. "परत मिळंल का रं दादा?"

"मिळंल की," मी म्हणालो. "सरांकडं अजून हाय."

सोमवारी ती लोखंडी घालूनच शाळेत गेली. पोरं हसली का, मी कधी विचारलं नाही.

सरांनी आणखी शीट मागवायला अर्ज केला होता. त्याचं उत्तर आलं नाही. पण मी घरी गेलो की आप्पा पाण्याचा तांब्या हातात देतानाच विचारायचे, "आलं का ते?" मी म्हणायचो, "येतंय." बहीण शिक्षिका झाली, तिने विचारायचं सोडलं. आप्पांनी नाही सोडलं. ती एकच शीट होती, हे मी त्यांना ते जाईपर्यंत सांगू शकलो नाही. सांगितलं असतं तर त्यांनी पुन्हा कधी तिच्याकडे मान वर करून बघितलं नसतं.