सिस्टरच्या नऊ टोपल्या

तबकडी हातातून सुटली की सिस्टर तिच्याकडे बघत नसत. फेकली, पदर खोचला आणि चालू लागल्या. ती तबकडी सागाच्या दोन खोडांमधून तिरपी होत, पळसाला वळसा घालत कुठे निघाली आहे हे मी तोंड उघडं ठेवून बघत राहायची, आणि तोवर सिस्टर वीस पावलं पुढे गेलेल्या असायच्या. मग झाडीत कुठेतरी साखळ्या खळकन वाजायच्या. "तुम्ही बघत का नाही?" मी एकदा विचारलं. "पाहून काय होते? हातातून सुटली थे सुटली," त्या म्हणाल्या. "आता चालाचं काम हाय."

सिस्टर बासष्ट वर्षांच्या होत्या. जळगाव जामोदच्या वर सातपुड्यात जी लहानलहान गावं आहेत, तिथे तीस वर्षं त्यांनी सरकारी नर्स म्हणून लशीची पेटी खांद्याला लावून पायी फेऱ्या केल्या होत्या. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी बाजारात भाजीवाल्यापासून बँकेच्या शिपायापर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. त्यांचं खरं नाव मला घरभाड्याच्या कागदावर पहिल्यांदा कळलं. मी मूळची बुलढाण्याजवळच्या धाडची. जळगाव जामोदच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायला आले आणि सिस्टरांच्या घराची वरची खोली घेतली. पहिल्या रविवारी सकाळी त्या खालून ओरडल्या, "वं मॅडम, बूट हायत का तुह्याजोळ? चाल मंग."

गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं तीन एकर खडकाळ रान होतं. मास्तर, म्हणजे त्यांचे यजमान, हयात असताना त्यांनी तिथे साग लावला होता. बाकी अंजन, पळस, धावडा आपोआप उगवलेले, आणि खाली सगळीकडे बोरीचे काटे. एकुलता एक मुलगा मंगेश फिनलंडला नोकरी करतो. तीन उन्हाळ्यांपूर्वी तो सुटीवर आला आणि या रानात त्याने डिस्क गोल्फचं मैदान आखलं. खेळ समजायला सोपा आहे. ठरलेल्या दगडावर उभं राहून तबकडी फेकायची, ती पडेल तिथून पुन्हा फेकायची, असं करत झाडीतल्या टोपलीपर्यंत पोचायचं. ज्याच्या फेकी कमी, तो जिंकला. टोपल्या मुनीरभाई वेल्डरने केल्या. सायकलच्या रिमा, जुने पाइप आणि तबकडी अडकायला वरून लोंबणाऱ्या बैलांच्या साखळ्या. मजुरीचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला होता, "सिस्टर, मेरे तीनों बच्चे आपके हाथ के हैं. चुप बैठो."

सुटी संपून मंगेश गेला. टोपल्या नऊ, आणि खेळणारं कोणी नाही. सिस्टर एकदा सागाला बघायला म्हणून गेल्या आणि पोराने ठेवलेली तबकड्यांची पिशवी उघडून बसल्या. सुपात धान्य पाखडताना मनगटाला जो झटका देतात, तोच त्यांनी तबकडीला दिला. वर्षभरात त्या रानात त्यांना कोणी हरवू शकेल असं राहिलं नाही. अर्थात हरवायला मी एकटीच होते.

मला तर झाडंच झाडं दिसायची. एका सकाळी माझी तबकडी सात वेळा सागावर आदळली. काटे भरलेला माझा तळवा सिस्टरांनी मांडीवर घेतला आणि कनवटीचा चिमटा काढला. काटा उपसता उपसता म्हणाल्या, "झाडाले पाहशीन तं झाडालेच लागन. मधातली जागा पाय." मी त्यांना फिरकी, कोन, हवेचा दाब असं काहीबाही समजावून सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "तुहं बराबर असन," त्या म्हणाल्या, "पन झाडाले हे शिकोलं का कोनं?"

पाचव्या टोपलीला त्या 'पाचवी' म्हणायच्या. "इथं सटवाई बसते. जे लिहिलं असन थेच होते." ती नाल्यापलीकडे उंचवट्यावर होती. समोर दोन साग, त्यांच्यामध्ये जेमतेम अडीच हातांची फट, फटीच्या मागे अंजनाचं आडवं वाढलेलं खोड. फटीतून गेलेली तबकडी अंजनाच्या आधी डावीकडे वळली पाहिजे आणि वळताच बसली पाहिजे, नाहीतर उतारावरून घरंगळत नाल्यात. ज्याने ती मांडली त्या मंगेशलाच तिथे सहा फेकी लागल्या होत्या. मला कधी आठ, कधी अकरा. सिस्टर तीनमध्ये पोचायच्या. आणि एका सकाळी माझ्यासमोर त्या दोनमध्ये पोचल्या. पहिलीच फेक फटीतून शिरली, आडव्या खोडापाशी जणू कोणी हाक मारल्यासारखी वळली आणि टोपलीपासून दोन पावलांवर पाचोळ्यात बसली. माझ्या अंगावर काटा आला. देवळात कधी आला नव्हता. सिस्टर तेव्हा नाल्यातले दगड ओलांडत निघाल्याही होत्या.

मागच्या डिसेंबरात मंगेश एकटाच आला, बायकोला रजा नाही म्हणाला. या वेळी तो आईला कायमचं न्यायला आला होता. व्हिसाचे कागद, गरम कपडे, सगळी तयारी करून. आठ दिवस रोज जेवताना तोच विषय. "आई, इथं तू एकटी. पडलीस-झडलीस तर मी तिकडून काय करू?" सिस्टर ताटात भाकरी वाढत राहायच्या. आठव्या दिवशी म्हणाल्या, "उद्या सकाळी नऊ टोपल्या खेळू. तू जितला तं मी येईन. हारला तं पुन्हा हा विषय काढाचा नाही." तो हसला. तिकडे तो दर आठवड्याला खेळत होता.

सकाळी आम्ही तिघं रानात गेलो. फेकी मोजायचं काम माझं. मंगेश फार सुंदर खेळायचा, लांब आणि सफाईदार. पण त्याने रान दोन वर्षांपूर्वी पाहिलेलं होतं, आणि दोन वर्षांत साग जाड झाला होता, फांद्या खाली आल्या होत्या. पाचवीला त्याला पाच लागल्या, सिस्टरांना तीन. सात टोपल्या झाल्या तेव्हा सिस्टर दोन फेकींनी पुढे होत्या. मंगेश आता प्रत्येक फेकीआधी दोनदा नेम धरत होता. मी आतून खूश होते, खोटं कशाला सांगू.

आठवीच्या दगडावर सिस्टर उभ्या राहिल्या आणि रस्त्याच्या बाजूने हॉर्न वाजू लागला. थांबेचना. मग हाक आली, "सिस्टर! सिस्टर हायत का आत?" डोंगरातून उतरलेली जीप, मागचं चाक फुटलेलं. मागच्या सीटवर एक बाई ओठ चावत पडली होती, तिची सासू रडत होती. सिस्टर तबकडी टाकून धावल्या. त्या धावतात हे मला माहीत नव्हतं.

जीपमध्ये चढताच त्यांनी बाटलीतल्या पाण्याने हात धुतले. "मॅडम, तिचं डोकं मांडीवर घे. मंगेश, तुहा टॉवेल दे. आनि थो ड्रायव्हर कुठी गेला? दुसरी गाडी थांबव म्हना." आवाज एवढासाही चढला नाही. बाळाचं डोकं दिसलं तेव्हा नाळ गळ्याभोवती होती. मी ती बघितली आणि त्या बाईचं डोकं आणखी घट्ट धरलं. सिस्टरांनी दोन बोटं आत सरकवली, नाळ अलगद डोक्यावरून काढली, आणि त्या बाईला म्हणाल्या, "आता लाव जोर, माय. आता काऊन थांबून राह्यली?"

मुलगी झाली. पण रडेना. सिस्टरांनी तिला टॉवेलवर पालथं घेतलं, पाठ चोळली, तळवे चोळले. किती वेळ गेला सांगता येत नाही. झाडीतलं एक पाखरूही बोललं नाही असं मला वाटतं, पण ते माझ्या कानांचं असेल. मग एक बारीक, रागीट आवाज आला. सासूने सिस्टरांचे पाय धरले. "पाय सोड वो, अजून काम हाय," सिस्टर म्हणाल्या. नाळ त्यांनी कापली नाही. स्वच्छ पातं नव्हतं. मायलेकींना एकत्र गुंडाळून, थांबवलेल्या दुसऱ्या गाडीत घालून, सासूला चार सूचना देऊन दवाखान्यात रवाना केलं.

मंगेश बांधावरच्या दगडावर बसला होता. त्याने आईला कामावर जाताना हजारदा बघितलं असेल, काम करताना कधीच नाही. "आई," तो म्हणाला, "मी नाही विचारणार पुन्हा. तू इथंच राहा." सिस्टर त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग तिन्ही पिशव्या गोळा केल्या. डाव तिथेच राहिला.

संध्याकाळी मी खाली गेले तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. मी म्हटलं, "जिंकलात." त्या म्हणाल्या, "पोरी, मी जाऊन राह्यली त्याच्यासंग."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अहो, पण तो तर राहा म्हणाला!"

"थो काय म्हनते थे आयकू नको. टॉवेल धरला तवा त्याचा हात पाह्यला का तू? घड्याळ कोपरालोक सरकलं, इतका वाळला थो." त्यांनी मेथीची काडी मोडली. "तीस वर्सं बायांच्या चेहऱ्यावरून दुखनं ओळखलं म्या. आनि घरचं पोरगं आठ दिवस समोर बसून जेवून राह्यलं, तं मले दिसलं नाही. बायको सोडून गेली त्याले. वर्स झालं. आज इचारलं तवा सांगतलं." मग पुढची काडी उचलत म्हणाल्या, "मले वाटत होतं, हा मले न्याले आला. हा तं मले मांगाले आला होता."

मी रडले. त्या रडल्या नाहीत. मेथीची जुडी संपवली आणि मला पीठ मळायला लावलं.

निघायच्या दिवशी अंगण माणसांनी भरलं होतं. डोंगरातून बाया आल्या होत्या, कुणी बोरांची पाटी, कुणी लोणच्याची बरणी घेऊन. मुनीरभाई दाराशी उभा राहून डोळे पुसत होता आणि धुळीला दोष देत होता. सिस्टरांनी प्रत्येकीला कुठल्या मुलाचा कुठला डोस राहिलाय ते सांगितलं. मला रानाची किल्ली दिली. गाडीत बसताना म्हणाल्या, "मार्चात पानं झडतीन. तवा काट्यात हरपलेल्या ताटल्या दिसतात, उचलून घेजो." बस्स, एवढंच.

त्याला आता वर्ष होत आलं. परवा त्यांचा फोन आला. तिकडे बर्फ पडत होता. मी विचारलं, कशा आहात, करमतं का, थंडी सोसवते का. तीन प्रश्न एकदम विचारले. त्या मग दवाखान्याच्या वहीतलं वाचून दाखवावं तशा सपाट आवाजात म्हणाल्या, "मंगेश आता पोटभर जेवते."